रोजा आणि दुर्बीण

सोयगाव
१२ जानेवारी १९९५

द्वारकाक्का,

अमिनाचा सलाम आणि नमस्कार.

संक्रांतीच्या आत पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिते. ह्या गोष्टी एसटीडीच्या बूथमध्ये उभं राहून बोलायच्या नाहीत. तिथं अर्धं सोयगाव कान देऊन उभं असतंय.

ह्यांचं पोट दिवाळीपासून ठीक नाही. जेवलं की पोट फुगून दगड होतं. सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी उलटून पडते. अंग लई उतरलंय. सगळ्या गावाचे कपडे शिवणारा माणूस, पण स्वतःच्या ढिल्या पायजम्याला दोन टाके घालत नाही. मी म्हटलं, आणा इकडं, आवळून देते. तर म्हणतात, "राहू दे, अंग भरून येईल."

जळगावला नेलं होतं. तिथं डॉक्टरनं तोंडातून दुर्बीण घालायला घेतली. नळी घशापर्यंत गेली न गेली तोच ह्यांनी दातांत धरली. डॉक्टर ओरडला, "चाचा, छोडो, लाखों की है!" हे उठले ते थेट बसस्टँडवर. येताना गाडीत मला म्हणाले, "मेरे पेट में क्या है वो मेरे कू मालूम है. हवा है."

आता इथले डॉक्टर म्हणतात, औरंगाबादला न्या, तिथं भूल देऊन करतात, पेशंटला कळतसुद्धा नाही. पण भूल म्हटलं की हे उठून दुकानात जातात. काल मी फार मागं लागले तेव्हा बोलले. "मास्तर भुलेतच गेले. बाजारात ऐकलंय मी." मी म्हटलं, असं कसं, आक्कानं तर हार्ट म्हणून कळवलं होतं. तर म्हणाले, "मग तिलाच विचार. मास्तरांच्या घरची बाई म्हणाली जा, तर जाईन."

म्हणून विचारते आक्का. जखमेवरची खपली काढल्यासारखं होतंय, मला कळतंय. पण दुसरं कुणाला विचारू?

तुझी
अमिना

*

गारखेडा, औरंगाबाद
१८ जानेवारी १९९५

चि. अमिनास आशीर्वाद.

पत्र मिळालं. इलियासभाईंना सांग की मास्तर हृदयानं गेले. दुर्बिणीचा आणि त्याचा संबंध नाही. बाजारात लोक काहीही बोलतात. त्यांनी ते मनातून काढावं आणि तपासणी करून घ्यावी. हे दुखणं अंगावर काढायचं नाही.

मी इथं चौकशी केली. मास्तरांना नेलं होतं त्या दवाखान्यात मी गेले नाही, दुसरीकडे गेले. तिथं पोटाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच दुर्बीण करतात. त्या दिवशी भुलेच्या डॉक्टरीणबाई वेगळ्या येतात. १४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी नऊची तारीख दिली आहे. आधीची मिळाली नाही. माझ्याकडेच उतरा. घर मोकळं आहे. मुलगा पुण्याहून दिवाळीलाच येतो.

एक नीट लक्षात ठेव. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या पोटात काही जाता कामा नये. रात्रीचं जेवणही हलकं. हे मला दोनदा सांगितलं आहे आणि मी तुला दोनदा सांगते.

मी दवाखान्यात येणार नाही. घरी थांबून तुमचं जेवणखाण बघेन. तिथल्या बाकावर बसायला माझे पाय उचलत नाहीत.

माझं बरं चाललं आहे. वाचनालयातून पुस्तक आणते. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला सगळं कळतं असं नाही, पण वाचताना घर रिकामं वाटत नाही. मास्तरांची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली आहे. तिथं वाचते. ऊन आलं की खाली येते.

तुझी
द्वारका

*

सोयगाव
२७ जानेवारी १९९५

द्वारकाक्का,

तुझं पत्र वाचून ह्यांना धीर आला. "वहिनी खोटं लिहिणार नाहीत," म्हणाले. येतो म्हणालेत. तुझे उपकार कसे फेडू.

तारीख ऐकून तर हसायलाच लागले. १४ तारखेला रमजान चालू असतो ना! येत्या जुम्म्याच्या आत चाँद दिसेल. म्हणाले, "बघ, डॉक्टर म्हणतो उपाशी या, अल्ला म्हणतो उपाशी राहा. दोघांचं एकमत असं कधी होत नाही." मला पण हलकं वाटलं. नाहीतर ह्यांना सकाळच्या चहाशिवाय ठेवायचं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढायचा.

आम्ही १३ला दुपारच्या गाडीनं येऊ. सेहरी तुझ्याकडंच करू. तू उठायची गरज नाही, मी सगळं बांधून आणीन. ह्यांना आता घट्ट काही चालत नाही, म्हणून दुधात कुस्करलेली रोटी, खजूर, एखादं केळं. पहाटे पोटभर घातलं म्हणजे दिवसभर चक्कर यायची नाही. अशक्तपणा लई आहे, आणि त्यात भुलेचं औषध. रिकाम्या पोटी औषध बाधतं म्हणतात ना. सेहरी झाली की मग तोंडात पाण्याचा थेंब नाही. नऊपर्यंत कडक रोजा.

ह्यांनी एक विचारायला सांगितलंय. "मास्तर हार्टनं गेले, तर वहिनींनी तो दवाखाना टाळला का?" मी म्हटलं, माणूस गेला ती जागा कुणाला बघावीशी वाटते? खरं ना?

तुझी
अमिना

*

गारखेडा
३१ जानेवारी १९९५

अमिना,

तुझं पत्र आज आलं. हातातली कामं टाकून लिहायला बसले आहे. हे पत्र तू एकटी वाच. मग त्यांना सांगायचं का ते तू ठरव.

सेहरी करायची नाही. केळं नाही, दूध नाही, खजूर नाही. पहाटे खाल्लेलं नऊ वाजता पोटातच असतं. आणि त्यांच्या पोटात तर सकाळची भाकरी संध्याकाळपर्यंत बसून राहते, हे तूच लिहिलं आहेस. त्यांना चारचौघांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहावं लागेल. हे डॉक्टरीणबाईंना गेल्या गेल्या सांग.

मास्तर हृदयानं गेले नाहीत.

त्यांना दोन वेळा माघारी पाठवलं होतं. एकदा वीज गेली, एकदा डॉक्टरच आले नाहीत. तिसऱ्या वेळी सकाळचा नंबर होता, तो दुपारवर गेला. मास्तरांचं तुला माहीत आहे. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा जरा उशिरा झाली तरी शिपायाची खैर नसायची. "पाय मोकळे करून येतो," म्हणून बाहेर गेले. परत आले तेव्हा शांत होते. मला वाटलं, बाहेरची हवा लागली म्हणून बरं वाटलं असेल.

आत नेताना विचारलं, "काही खाल्लंय का?" मी दारातच होते. "नाही," म्हणाले. वर्गात हजेरी घ्यायचे तसा स्वच्छ आवाज होता.

मग आत धावपळ झाली. मलाही आधी हृदयच वाटलं होतं. संध्याकाळी एका डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं. भुलेत असताना पोटातलं वर आलं आणि श्वासाच्या नळीत गेलं. ओढून काढलं तर त्यात पोहे होते. त्या विचारत होत्या, "पोहे कधी खाल्ले होते?" मी म्हणत होते, "आमच्या घरी आज पोहे झालेच नाहीत." असं आम्ही दोघी किती वेळ बोलत राहिलो. फाटकाबाहेर पोह्यांची गाडी होती. येता जाता मी ती पाहिली होती.

पुढचा आठवडा ते काचेच्या आड होते. ताप उतरला नाही. भुलेतून नीट जागे झालेच नाहीत.

बाईंनी मला जे समजावलं ते तुला सांगते. जागेपणी घास वाकड्या वाटेला लागला तर ठसका लागतो. डोळ्यांत पाणी येतं, पण घास बाहेर पडतो. भुलेत ठसका लागत नाही. घशाचा पहारेकरी झोपलेला असतो. माणूस आडवा असतो, पोटात असेल ते वर सरकतं आणि जिथं फक्त हवा जायची तिथं जातं. पोटातलं आंबट पाणी फुप्फुसाला भाजून काढतं. म्हणून उपाशी राहायचं. त्याचा पुण्याशी संबंध नाही आणि औषध बाधण्याशीही नाही. मी नंतर वाचनालयातून पुस्तकं आणून हे पुन्हा पुन्हा वाचलं. अर्धं कळलं नाही. कळलं तेवढं पुरे आहे.

सगळ्यांना हृदय सांगितलं, कारण खोटं बोलल्याबद्दल पोरांच्या हातावर छड्या मारणारा मास्तर प्लेटभर पोह्यांसाठी खोटं बोलला, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. लोक हसले असते. "बायकोनं उपाशी मारलं," असंही म्हणाले असते. ते खोटं का बोलले ते मला कळतं. चौथी तारीख नको होती.

इलियासभाईंना तारीख महत्त्वाची वाटेल. त्यांना सांग, तारखा मिळतात.

द्वारका

*

सोयगाव
७ फेब्रुवारी १९९५

द्वारकावहिनींना इलियास टेलरचा सलाम.

तुमचं पत्र अमिनानं वाचून दाखवलं नाही. ती गव्हाच्या डब्यात लपवून गेली होती, मी शोधून वाचलं. वीस वर्षं मास्तरांशेजारी दुकान होतं माझं. त्यांच्याबद्दलचं पत्र माझ्यापासून लपतं होय? माझी शाळा उर्दूची. मराठी मास्तरांनी दुकानात बसून सुधारली. ह्या पत्रात चुका सापडल्या तर त्यांच्या समजा.

वाचून दुकान बंद केलं. वहिनी, तुम्ही मनात काही ठेवू नका. माझ्या तोंडून हे बाहेर जाणार नाही. आणि हसायचं कुणी? मास्तरांना भूक आवरायची नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझ्या डब्यातली भजी कोण खायचं?

आता माझं ऐका. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरचा पहिला रमजान आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अब्बा त्या धामधुमीत गेले, ते परत आले नव्हते. अम्मीनं मला पहाटे उठवलं, पुढ्यात थाळी ठेवली आणि म्हणाली, "घरात आता रोजा धरणारा मर्द तूच." त्या वर्षापासून एकही सोडलेला नाही. टायफॉईडमध्ये धरला. मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बीमाराला सूट आहे, नंतर भरून काढ. सूट आहे ते मलाही माहीत आहे. मला सूट नको.

तरी तुमच्या शब्दाखातर मधली वाट काढतो. रोजा ठेवीन, सेहरी करणार नाही. रात्री थोडं दूध, मग सकाळपर्यंत काही नाही. जबान देतो.

तुमच्याकडे उतरत नाही. रागावू नका. मास्तर नसलेल्या घरात झोप येणार नाही. माझा चुलतभाऊ गयास गुलमंडीच्या मागं राहतो, तिथं उतरू. दुर्बीण झाली की तुमच्याकडे येऊन जेवून जाईन. मग खरी मेजवानी करा.

इलियास

*

सोयगाव
१७ फेब्रुवारी १९९५

आक्का,

मंगळवारी आम्ही तुझ्याकडं आलो नाही. तू स्वयंपाक करून वाट बघितली असशील. दुर्बीण झाली नाही. काय झालं ते लिहिते.

गयासभाईंच्या घरी पहाटे सगळे उठले. ह्यांना मी सांगितलं होतं, तुम्ही पडून राहा. पण जेवायला दस्तरखान अंथरलं, पोरं बसली, गयासभाई हाका मारायला लागले. "अरे इलियास, सेहरी में बरकत है. मेहमान बिना सेहरी के रोजा रखेगा मेरे घर में?" त्यांच्या बायकोनं, अजराभाभीनं, पुढ्यात थाळी आणून ठेवली. पाहुणा म्हणून मोठ्या भावाच्या घरी थाळी परत करायची, तेही सेहरीची, असं आमच्यात होत नाही. मी बायकांत होते. पडद्याच्या फटीतून बघत होते. ते आधी नको नको म्हणाले. मग एक घास घेतला. मग दुसरा. दुधातली रोटी, केळं, दोन गिलास पाणी. लई दिवसांनी पोटभर जेवत होते आक्का. मला बघवत पण नव्हतं आणि उठून थांबवावं असं पण वाटत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तेच म्हणाले, "पातळच होतं सगळं. जिरून जाईल."

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "बाबा, उपाशी आहात ना?" हे म्हणाले, "रोजा आहे." तिला बरंच वाटलं. "मग विचारायलाच नको. रोज्यात तुम्ही पाणीसुद्धा पीत नाही." आणि कागदावर लिहून पुढं गेली. ती चुकीचं काही बोलली नव्हती. हे पण खोटं बोलले नव्हते. रोजा होताच. मी तिथं उभी, आणि सगळं खरं असून फसवणूक चालली होती.

ह्यांना आत नेऊन झोपवलं. हातात सुई लावली. मी दारातून बघितलं. मला मास्तर दिसले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, तरी दिसले. मी आत शिरले. भुलेच्या डॉक्टरीणबाईला म्हटलं, "बाई, हे रोज्याच्या आधी खातात. पहाटे जेवलेत. ह्यांच्या पोटातून पुढं सरकत नाही."

बाईनं हातातली औषधाची सुई ट्रेमध्ये ठेवली. "काय जेवलेत?" मी सांगितलं. ती ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "काका, आज नाही. आज भूल दिली तर मी तुमच्याशी दुश्मनी केल्यासारखं होईल." मग मला म्हणाली, "बरं झालं बोललात." पुढच्या आठवड्यांत जागा नव्हती. १४ मार्च दिलीय.

ह्यांनी कपडे घातले. जिन्यात म्हणाले, "दहा माणसांत मला खोटा ठरवलंस." एवढंच. गाडीत नाही बोलले, घरी नाही बोलले. अजून बोलत नाहीत. दुकानात बसतात, इफ्तारला येतात, थाळी घेतात. थाळी ठेवताना मी काही म्हटलं तर मान हलवतात.

आक्का, महिनाभर गेला पुढं. आत काही वाईट असलं तर तो महिना मी घालवला. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. तू सांग, मी चुकले का?

अमिना

*

गारखेडा
२२ फेब्रुवारी १९९५

अमिना,

चुकली नाहीस. दुसरं काय लिहू.

महिना गेला हे खरं. त्यात दुखणं वाढलं तर वाढेल. पण ते आज तुझ्याशी अबोला धरून का होईना, इफ्तारला येऊन बसतात. मी तो बाक सोडून आत शिरले नव्हते, कारण मला माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं आणि तू शिरलीस. माझ्याकडून आणखी काही ऐकायची अपेक्षा करू नको. मी थकले आहे. तुझं पत्र वाचल्यापासून त्या दारातून मीच आत जाते आहे असं होतं. मग जाग येते आणि चहा करते.

त्या दिवशीचा वांग्याचा रस्सा शेजारच्या साळूबाईंना दिला. त्या म्हणाल्या, "कोण येणार होतं?" मी म्हटलं, गावाकडची माणसं, गाडी चुकली.

१४ मार्चला ईद होऊन गेलेली असेल. सेहरीचा प्रश्न नाही. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. त्यांनी सांगितलं आहे की आधीचे दोन दिवस नुसतं पातळ, आदल्या दुपारनंतर फक्त घोटभर पाणी, आणि त्या दिवशी भूल द्यायच्या आधी नाकातून नळी घालून पोट रिकामं करून घेतील. नळीचं आत्ता त्यांना सांगू नको.

या वेळी माझ्याकडे उतरा. आणि मी बरोबर येईन. तू एकटीनं तिथं बसू नये.

द्वारका

*

सोयगाव
६ मार्च १९९५

आक्का,

ईद झाली. शीरखुर्मा केला, पण ह्यांनी चमचाभर चाखला आणि वाटी बाजूला सारली. पोरीबाळी आल्या, गेल्या.

ह्यांचा अबोला सुटला. कसा सुटला ते सांगते. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं. जेवण म्हणून थोडी खीर घेतली आणि कलंडले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून असा आवाज आला की हातातली चादर मातीत पडली. झोपेत उलटी वर आली होती. उठून बसले होते, चेहरा जांभळा, खोकतायत, खोकतायत. मी पाठीवर थापटत राहिले. सगळं नाकातोंडातून बाहेर पडलं तेव्हा कुठं श्वास आला. डोळे लाल झालेले.

चूळ भरून भिंतीला टेकले. मग म्हणाले, "झोपेत होतो म्हणून उठलो. भुलेत असतो तर उठलो असतो का?" मी पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिले. किती दिवसांनी बोलले होते, मध्ये बोलायची छाती झाली नाही. मग म्हणाले, "मास्तरांना मी मनातल्या मनात हसलो होतो अमिना. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, आणि पोह्यापायी! आणि मी काय केलं? ते निदान लपून खाऊन आले. मी रोज्याला पुढं केलं."

तरी लगेच पुढं म्हणतात कसे, "पण तू सिस्टरला बाहेर बोलावून हळूच सांगायला पाहिजे होतं. अशी शाळेतल्या मॉनिटरसारखी आत शिरलीस." घ्या! म्हणजे बोलायला लागले.

आम्ही तुझ्याकडंच उतरू. ते म्हणाले, "वहिनींना सांग, मी येतोय. मास्तरांच्या घरात झोप नाही आली तर जागा राहीन."

अमिना

*

गारखेडा
२३ मार्च १९९५

चि. अमिना,

आधी निकाल, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. आज मी जाऊन तपासणीचा कागद आणला. पोटाच्या डॉक्टरांनी तो समोर वाचला. कॅन्सर नाही. जुना व्रण आहे. तो भरताना पोटातून पुढं जायची वाट आवळली गेली आहे. म्हणून अन्न आत बसून राहत होतं. मी त्यांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, "आजी, मी पण दोनदा वाचलंय."

पण नुसत्या औषधानं ती वाट मोकळी होणार नाही. ऑपरेशन लागेल. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा उपाशी राहणं. आधी थोडे दिवस सलाईन देऊन ताकद भरून काढतील. मी विचारलं, महिना उशीर झाला त्यानं काही बिघडलं का? म्हणाले, अशक्तपणा वाढला, दुसरं काही नाही. हे तू मनात घट्ट धरून ठेव. इलियासभाईंना हळूहळू सांग. आधी "कॅन्सर नाही" एवढंच सांग आणि त्यांना जेवू दे, म्हणजे पेज घेऊ दे. ऑपरेशनचं संध्याकाळी सांग.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतं आहे. माझ्या घरात इलियासभाई रात्रभर घोरले, हे त्यांना सांगितलंस का? म्हणे झोप येणार नाही! खुर्ची मी गच्चीवरून खाली आणली आहे. त्यांनी तिच्यावर बसून माझ्या दोन ब्लाउजांच्या बाह्या उसवून परत घातल्या. "कुठल्या गाढवानं शिवल्या वहिनी?" मी म्हटलं, गुलमंडीतल्या.

मुलगा परवा फोनवर होता. त्याला मास्तरांचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, हे तू दोन वर्षं एकटीनं?" मी म्हटलं, एकटीनं कुठं, सोयगावात दोघांना माहीत आहे.

आता एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. त्या मंगळवारी दुर्बिणीतून पोटातला तुकडा काढून बाटलीत घातला आणि डॉक्टरांनी तुला तो तपासणीला देऊन यायला खाली पाठवलं. इलियासभाईंना बाहेरच्या खोलीत आणून कुशीवर झोपवलं होतं. मी शेजारी स्टुलावर होते. तू परत आलीस तेव्हा मी म्हटलं, "आत्ताच डोळे उघडले."

तसं नव्हतं. तू गेलीस आणि थोड्याच वेळात ते हलले. आधी पायाची बोटं. मग जीभ ओठांवरून फिरली. डोळे उघडले, पंख्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ओळखलं नाही. हात वर करून नाक खाजवलं. मग ओळखलं. "वहिनी, झालं?" मी म्हटलं, झालं. "पाणी?" मी म्हटलं, अजून नाही, सिस्टर सांगेल तेव्हा. लहान मुलासारखं तोंड केलं आणि परत डोळे मिटले. पण आता ती साधी झोप होती. हाक मारली तर हुंकार देत होते. मी दोन-तीनदा उगाचच हाक मारून पाहिली.

सिस्टर म्हणाली, "आजी, त्यांच्या बाईंना बोलवा, पेशंट उठला." मी हो म्हटलं आणि जागेवरून हलले नाही. तपासणीच्या खिडकीशी तू रांगेत उभी असशील, तुझ्या जिवाची काय अवस्था असेल, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी बसून राहिले. भुलेतून माणूस माघारी कसा येतो, ते मला एकदा बघायचं होतं.

तेवढा वेळ तुझा होता अमिना. मी घेतला.

तुझी
द्वारका